क्लिनर चालवला आणि पत्रिकेची फाईल गेली : राजारामपुरीतल्या एका छपाईच्या दुकानाचं प्रकरण

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक छोटं छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्सची डिझाईन असली कामं. दोन कॉम्प्युटर. एकावर मालक बिलं आणि मेल बघतात, दुसऱ्यावर डिझायनर ताई दिवसभर कोरल आणि फोटोशॉप ही डिझाईनची सॉफ्टवेअर घेऊन बसलेल्या. हे प्रकरण त्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं. विंडोज १०, ८ जीबी रॅम, सी ड्राईव्हला १२० जीबीची एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) आणि कामाच्या फायली ठेवायला डी ड्राईव्ह म्हणून १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. १२० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये १११ जीबीच दिसते, कारण कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तेव्हा सुरुवातच कमी जागेनं होते. त्यात तुळशीचं लग्न झाल्यावर पत्रिकांचा हंगाम सुरू, कॉम्प्युटर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, आणि सी ड्राईव्हमध्ये जेमतेम दीड जीबी शिल्लक. मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ती पट्टी लाल दाखवतं, इथं तर पट्टी पूर्णच लाल झालेली.

सोमवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मालकांनी एक फुकटचं क्लिनर सॉफ्टवेअर टाकलं, जेवढे चौकोन दिसले तेवढे टिक केले आणि क्लिन दाबलं. पाचएक मिनिटांत "१७ जीबी साफ" असा स्क्रीन आला. त्याचा मोबाईलवर फोटो काढून त्यांनी घरच्या ग्रुपवरही टाकला, आणि तो फोटो होता म्हणूनच पुढं मला काय काय उडालं ते नीट बघता आलं. दुपारी कागलच्या गिऱ्हाईकाचा फोन आला की पत्रिकेत दोन नावं वाढवायची आहेत. ताईंनी कोरल उघडलं, अलीकडच्या फायलींच्या यादीतून त्या पत्रिकेवर क्लिक केलं, तर फाईल सापडत नाही. डी ड्राईव्हवर गिऱ्हाईकाच्या नावाचा फोल्डर बघितला, तो रिकामा. सर्च मारला, काही नाही.

ताईंनी मला फोन केला. मी गेलो तेव्हा त्या अगदी रडकुंडीला आलेल्या. "सेव्ह केली होती वो मी, शंभर टक्के. कंट्रोल एस मारल्याशिवाय मी जेवायला पण उठत नाही." आणि मालक म्हणत होते, "अवो पण क्लिनर कामाच्या फायलींना हात लावत नाही म्हणून लिवलंय की त्यावर." दोघंही खरं बोलत होते, आणि दोघंही खरं बोलत असताना फाईल कशी गेली हेच मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा खोलात लिहितोय.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं की ते फाईल उघडून बघतं आणि ठरवतं की ही कामाची, ही बिनकामाची. तसं काहीही होत नाही. त्याच्याकडं नियमांची एक यादी असते, आणि नियम असा असतो की अमुक फोल्डरमध्ये जा, तमुक नावाच्या किंवा तिथल्या सगळ्याच फायली घे, आतल्या फोल्डरमध्येही जा, आणि पुसून टाक. सीक्लिनर नावाच्या क्लिनरसाठी लोकांनी मिळून वाढवत नेलेली विनॲप२ नावाची अशी यादी आहे, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते आणि त्यात ओळीमागं ओळ नुसते फोल्डरचे पत्ते आहेत. ब्लीचबिट या दुसऱ्या क्लिनरचा तर सगळा कोडच खुला आहे, त्यातही हेच. म्हणजे फाईलमध्ये काय आहे हा प्रश्नच कुठं विचारला जात नाही, ती कुठं ठेवलीय एवढंच बघितलं जातं.

पत्त्यानंतर आणखी दोन गोष्टी बघितल्या जातात. एक म्हणजे फाईल किती जुनी आहे, आणि दुसरी म्हणजे ती आत्ता कुठल्या प्रोग्रामनं धरून ठेवलीय का. विंडोजमध्ये प्रोग्राम फाईल उघडताना सांगू शकतो की मी वापरतोय तोवर कुणी पुसायची नाही, आणि मग क्लिनरनं कितीही प्रयत्न केला तरी विंडोज नकार देतं, क्लिनर ती फाईल वगळून पुढं जातो. त्यामुळंच टेम्प, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या फायलींचा फोल्डर, कितीही साफ केला तरी चार-पाच फायली उरतातच, तो काही बिघाड नाही.

वयाचं गणित मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि या प्रकरणात तेच नडलं. विंडोजचं स्वतःचं डिस्क क्लिनअप टेम्पमधल्या साधारण आठवडाभर हात न लागलेल्या फायलीच काढतं. याला कारण आहे. एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं आणि ते म्हणालं की रिस्टार्ट करा, तर रिस्टार्टनंतर लागणाऱ्या फायली ते टेम्पमध्येच ठेवून बसलेलं असू शकतं, त्या मधेच उडवल्या तर इन्स्टॉल अर्धवट राहतं. त्यासाठी ती आठवड्याची सूट. बाहेरच्या क्लिनरमध्ये बऱ्याचदा ही सूट २४ तासांची असते, काहींत तीही नसते. दुकानातल्या या क्लिनरमध्ये २४ तासांची टिक होती.

आता फोटोतली यादी. सहा जीबी रिसायकल बिन, चार जीबी विंडोज अपडेटच्या उतरवून ठेवलेल्या फायली, तीन जीबीच्या वर ब्राउझरचा कॅशे, साडेतीनच्या आसपास टेम्प, आणि मग थंबनेल (फोटोंची छोटी चित्रं), लॉग, प्रीफेच असली चिल्लर. मालकांनी लगेच विचारलं की १७ साफ झालं म्हणतंय तर सी मध्ये बाराच कशी वाढली? बरोबर पकडलं होतं त्यांनी. रिसायकल बिन दिसायला डेस्कटॉपवर एकच दिसतो पण प्रत्यक्षात प्रत्येक ड्राईव्हचा वेगळा असतो, आणि त्या सहामधले पाच जीबी डी ड्राईव्हच्या बिनमधले होते, ते गेल्यामुळं सी ला काहीच मिळालं नाही. बेरजेचा आकडा मोठा दिसतो तेव्हा तो कुठल्या ड्राईव्हचा हे बघायलाच पाहिजे.

बाकीच्यातलं थोडक्यात सांगतो. अपडेटच्या फायली गेल्या तर चालतं, लागल्या तर विंडोज परत उतरवतं. ब्राउझरचा कॅशे आणि थंबनेल हे मुद्दाम साठवलेलं असतं, पुढच्या वेळी पटकन दिसावं म्हणून, ते काढलं की दुसऱ्या दिवसापासून परत साठायला लागतं आणि तोवर सगळं संथ. ताईंची तक्रार होतीच की फोटोंचा फोल्डर उघडायला आज लई वेळ घेतोय. प्रीफेच तर अजिबात काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो सगळा मिळून काही एमबीचा असतो, विंडोज त्याची संख्या स्वतःच मर्यादेत ठेवतं, आणि प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच तो ठेवलेला असतो. त्याच क्लिनरमध्ये रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगचा साठा, साफ करायचंही बटण होतं, ते मालकांनी दाबलं नव्हतं हे फार बरं झालं. मायक्रोसॉफ्ट स्वतः असल्या रजिस्ट्री क्लिनरला सपोर्ट देत नाही, आणि त्यातून जागा तर नावालाच मिळते.

राहता राहिला टेम्प, साडेतीन जीबी. पत्रिका यातच गेली.

कोरलच्या अलीकडच्या यादीत फाईलवर माऊस नेला की तिचा पूर्ण पत्ता दिसतो. तो पत्ता होता युजर्स, मग ॲपडेटा, लोकल, टेम्प, आणि त्याच्या आत "टेम्प१" नं सुरू होणारा, पुढं गिऱ्हाईकानं पाठवलेल्या झिपचं नाव असलेला फोल्डर. हे बघितलं आणि सगळा उलगडा झाला. गुरुवारी संध्याकाळी गिऱ्हाईकानं मेलवर एक झिप पाठवली होती, आत त्यांच्या आधीच्या कार्यातल्या पत्रिकेची कोरल फाईल आणि मजकुराची एक छोटी नोटपॅड फाईल. ताईंनी झिपवर डबल क्लिक केलं, आतल्या फायलीवर डबल क्लिक केलं, फाईल उघडली, काम सुरू. झिपच्या आतली फाईल अशी थेट उघडली की विंडोज तिची एक प्रत गुपचूप टेम्पमध्ये काढतं आणि ती प्रत उघडून देतं, स्क्रीनवर याचा काहीच पत्ता लागत नाही. मग सेव्ह मारल्यावर नाव विचारायची खिडकी आली, तिथं जो फोल्डर आधीच समोर होता त्यातच ताईंनी नवीन नाव देऊन सेव्ह केलं. तो टेम्पच होता. हातातलं काम अर्जंट, गिऱ्हाईक फोनवर, अशा वेळी त्या खिडकीतला पत्ता वाचत बसणार कोण. डी ड्राईव्हवर फोल्डर तयार केला होता तो तसाच रिकामा राहिला, आणि शुक्रवार-शनिवारी अलीकडच्या यादीतून फाईल उघडायची ती बरोबर उघडायची, त्यामुळं शंका यायचं काही कारणच नव्हतं.

म्हणजे सेव्ह खरंच केली होती. आणि क्लिनरनंही कामाच्या फोल्डरला, म्हणजे डॉक्युमेंट्सला किंवा डी ड्राईव्हवरच्या कामांना, बोट लावलं नव्हतं. त्याच्या यादीत टेम्पचा पत्ता होता, फाईलला शेवटचा हात शनिवारी लागलेला म्हणजे २४ तास कधीच उलटून गेलेले, आणि सोमवारी सकाळी कोरल अजून उघडलंच नव्हतं म्हणून कुणी ती धरून ठेवलेली नव्हती. तिन्ही चाळण्यांतून फाईल सरळ खाली पडली. त्या सकाळी मालकांनी विंडोजचं डिस्क क्लिनअप चालवलं असतं तर आठवड्याच्या नियमामुळं ती वाचली असती, आणि पुढच्या सोमवारी तेच चालवलं असतं तर मात्र गेलीच असती. हे सगळं सांगितल्यावर मालक म्हणाले, "म्हंजे घंटागाडीसारखं झालं की वो. दारात ठिवलेली बादली उचलायची, आत काय हाय बघायचं न्हाई." अगदी बरोबर.

यात ताईंचा दोष काढण्यात अर्थ नाही असं मला मनापासून वाटतं. झिप उघडणं ही रोजची गोष्ट आहे, आणि मेलमधून, झिपमधून, ब्राउझरमधून "ओपन" केलेली फाईल नेमकी कुठं जाते हे कुठलाच प्रोग्राम ठळक करून सांगत नाही. फायरफॉक्ससुद्धा २०२२ च्या ९८ व्या आवृत्तीपर्यंत "ओपन विथ" केलेल्या फायली टेम्पमध्येच ठेवायचा, त्यानंतर त्या डाउनलोड्समध्ये जायला लागल्या. आऊटलूकमधून थेट उघडलेली अटॅचमेंटही अशाच एका लपलेल्या कॅशे फोल्डरमध्ये जाते. आणि डाउनलोड्समध्ये आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत डिस्क क्लिनअपच्या यादीत डाउनलोड्सचा चौकोन आला होता, सगळं टिक करायची सवय असलेल्या लोकांचे पूर्ण डाउनलोड्स त्यात गेले, आणि शेवटी २०२० च्या आवृत्तीत तो चौकोन काढून टाकला.

फाईल परत मिळवायचा प्रयत्न लगेच केला. ताईंनी फोन करून लगेच कॉम्प्युटर बंद करून ठेवला होता हे योग्य केलं. फाईल पुसली जाते म्हणजे विंडोजच्या मुख्य नोंदवहीत तिची नोंद "रिकामी" अशी होते आणि तिनं अडवलेली जागा मोकळी धरली जाते, आतला मजकूर त्या क्षणी कुणी खोडत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर त्यामुळंच रिकव्हरी होते, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत वेळ असतो. पण ही एसएसडी. एसएसडीवर फाईल पुसली की विंडोज ट्रिम नावाची आज्ञा पाठवतं, की ही जागा आता लागत नाही, आणि एसएसडी ती जागा आपल्या सोयीनं आतून कायमची साफ करते, आणि त्याआधीही तिथलं वाचायला गेलं तर बहुतेक एसएसडी नुसती शून्यं देतात. रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेचं नाव सापडलं, साईज सापडली, तारीख सापडली, आणि फाईल काढून बघितली तर आत सगळी शून्यं. ते बघताना ताईंचा चेहरा उतरला तो मला बघवला नाही.

एक गोष्ट मात्र पूर्ण मिळाली. ती मजकुराची छोटी नोटपॅड फाईल, ज्यात मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता एवढ्याच तीन ओळी होत्या, कारण तीही ताईंनी झिपमधूनच उघडली होती. एवढी लहान फाईल, साधारण सातशे बाइटच्या आतली, एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) वेगळी जागा घेतच नाही, नोंदवहीतल्या तिच्या नोंदीतच मजकूर मावतो. वेगळी जागा नाही म्हणजे ट्रिम व्हायलाही काही नाही. ती नोंद दुसऱ्या फायलीला दिली जाईपर्यंत मजकूर तिथंच राहतो, आणि कॉम्प्युटर वेळेवर बंद केल्यामुळं तो राहिला होता.

पत्रिका स्वतः मात्र परत करावी लागली, अर्थात पूर्ण पहिल्यापासून नाही. ताईंनी शनिवारी गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ प्रूफ पाठवलं होतं, तेही डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही. ती पीडीएफ कोरलमध्ये इम्पोर्ट झाली, बॉर्डर, गणपती, "श्री अंबाबाई प्रसन्न, श्री जोतिबा प्रसन्न" हे सगळं जसंच्या तसं आलं. अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे नुसत्या आकारांत बदललेली होती म्हणून मजकूर बदलता येईना, नावांची सगळी ओळ नव्यानं टाईप करावी लागली, पण काम रात्रीपर्यंत उरकलं आणि मंगळवारी छपाईला गेलं.

एवढ्यावर प्रकरण संपलं असतं, पण मला मूळ प्रश्न सुटल्यासारखा वाटत नव्हता. सी ड्राईव्ह भरतोय कशानं? आणि झालंही तसंच, पुढच्याच आठवड्यात पट्टी परत लाल झाली. ब्राउझरचा कॅशे परत साठला हे मान्य, पण तेवढ्यानं एवढी जागा जात नाही. मग विनडर्स्टॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून चालवलं, ते आपणहून काही पुसत नाही, कुठला फोल्डर किती मोठा आहे ते दाखवतं. खरं तर सुरुवात नेहमी इथूनच करायला पाहिजे, आधी बघायचं आणि मग पुसायचं. त्यात विंडोजच्या सिस्टीम३२ मध्ये स्पूल, त्याच्या आत प्रिंटर्स असा फोल्डर वीस जीबीच्या वर निघाला!

छपाईच्या धंद्यात हे कुणाच्याही मशीनवर असू शकतं म्हणून नीट सांगतो. प्रिंट दिली की विंडोज ते काम आधी या फोल्डरमध्ये लिहून ठेवतं आणि तिथून प्रिंटरला पाठवतं, छापून झालं की पुसून टाकतं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीमध्ये ॲडव्हान्स्डखाली "छापलेली कामं ठेवा" अशा अर्थाची एक टिक असते, ती केली की छापून झालं तरी फाईल तिथंच राहते. दुकानात पूर्वी काम करणाऱ्या पोरानं तीच टिक करून ठेवली होती, गिऱ्हाईकानं परत शंभर कॉपी मागितल्या तर पटकन देता याव्यात म्हणून. हेतू चांगला होता, पण पूर्ण पानभर रंगीत डिझाईनचं एकेक काम शेकडो एमबीचं होतं, आणि महिन्यामागून महिने ते साचत गेलं.

आणि क्लिनरनं त्याला हात का लावला नाही? कारण हा पत्ता त्याच्या यादीतच नव्हता. तीन दिवस राबून केलेली पत्रिका चुकीच्या पत्त्यावर होती म्हणून त्यानं पुसली, आणि कधीच छापून झालेली वीस जीबीची कामं यादीत नसलेल्या पत्त्यावर होती म्हणून सोडून दिली. एकाच कॉम्प्युटरवर एकाच सकाळी हे दोन्ही झालं.

पुढं जे केलं ते असं. ती टिक काढली. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंटची कामं सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवला, कारण तो चालू असेल तर फायली धरून बसतो, मग फोल्डरमधल्या फायली काढल्या, स्पूलर परत चालू केला, सी मध्ये एकदम जागा झाली. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे काम करताना तात्पुरत्या फायली ठेवायची जागा, डी ड्राईव्हवर टाकली, कारण फोटोशॉप मधेच बंद पडलं की त्याच्या मोठाल्या टेम्प फायली मागं राहतात. डी ची हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा संथ आहे, त्यामुळं मोठा फ्लेक्स उघडताना थोडं जाणवतं, पण १२० जीबीच्या डिस्कवर दुसरा इलाज नव्हता. कोरलचा ऑटो बॅकअप तपासला, तो युजरच्या टेम्प फोल्डरमध्येच जात होता, म्हणजे मूळ फाईल खराब झाली तर जिच्यावर भरवसा ठेवायचा ती प्रतही पुढच्या सफाईत गेली असती. तो डी वर वेगळ्या फोल्डरमध्ये वळवला. ऑटो बॅकअप वापरणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा उघडून बघावंच.

बाहेरचं क्लिनर काढून टाकायचं का यावर मालकांशी बरीच चर्चा झाली. माझं म्हणणं होतं की काढा. असल्या सॉफ्टवेअरला ॲडमिनचे सगळे अधिकार द्यावे लागतात, आणि २०१७ मध्ये सीक्लिनरच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, ती आवृत्ती जवळपास २२.७ लाख कॉम्प्युटरवर गेली होती. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स ही स्वतःची सफाईची सोय आहे, तेवढं या दुकानाला पुरतं. ते चालू केलं, रिसायकल बिन ३० दिवसांनी आणि डाउनलोड्स "कधीच नाही" असं ठेवलं. स्टोरेज सेन्सही टेम्प साफ करतंच, त्यामुळं झिपचा धोका तसाच राहतो हेही ताईंना सांगितलं. आता त्या आलेली झिप आधी डी वर गिऱ्हाईकाच्या फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करतात आणि मगच आतली फाईल उघडतात, आणि परत कॉपी मागायला येणाऱ्या गिऱ्हाईकांसाठी छापून झालेल्या कामाची पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये ठेवतात.